पितळी काड्या आणि हॉलचे चमचे

नेव्हिल कटिंगच्या कुरणात त्या शनिवारी एवढी माणसं जमली, की मेंढ्यांनी आपणहून कुंपणाचा कोपरा गाठला. एरवी थॅक्सहॅममधल्या लोकांचे रविवारी चर्चला जायचं म्हटलं की गुडघे दुखतात. पण चमत्कार आहे असं कळलं, की घडीच्या खुर्च्या काखेत मारून सगळे हजर. कुणी थर्मास आणले होते, कुणी सॉसेज रोल. पोस्टातल्या ब्रेंडानं तर कुत्र्यालाही आणलं होतं, त्याच्या सांधेदुखीचं काही जमतंय का बघू म्हणून.

सगळ्यांच्या मधोमध ऑब्रे ट्रेमेन चालत होता. अंगात पांढरा कोट, गळ्यात जांभळा रुमाल, दोन्ही हातांत काटकोनात वाकवलेली एकेक पितळी काडी. गवताखाली तान्हं बाळ झोपलंय अशा बेतानं तो पावलं टाकत होता. एका जागी तो थबकला. काड्या थरथरल्या, हळूहळू आत वळल्या आणि एकमेकींवर आडव्या पडल्या.

“ती इथं आहे,” ऑब्रे डोळे मिटून म्हणाला. “रोमन बाई. घाईत होती बिचारी. कमरेची थैली सुटली तिची. मला तिची धाप ऐकू येतेय.”

टेरी बन खुरपं घेऊन धावला. दोन-चार घावांत त्यानं मातीतून एक नाणं काढून वर धरलं. तांब्याचं, हिरवट, कुणा बादशहाचं नाक झिजलेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. ब्रेंडानं डोळे पुसले आणि कुत्र्याला उचलून ते नाणं दाखवलं.

मागच्या रांगेत ग्लेनिस लार्टर चहा पीत बसली होती. तिनं आयुष्यभर या गावातल्या पोरांना पियानो शिकवला होता. समोरच्या गर्दीतल्या निम्म्या बोटांनी तिचे कान किटवले होते. एवढ्या वर्षांत तिचा एक नियम पक्का झाला होता. जो डोळे मिटून वाजवतो, त्यानं घरी सराव केलेला नसतो.

शिकवण्या बंद झाल्यावर तिनं मेटल डिटेक्टर घेतला होता. कानाला हेडफोन, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला चकती. चकती जमिनीलगत सावकाश फिरवायची आणि ऐकत राहायचं. एवढी वर्षं बेसूर ऐकलेल्या कानाला हे काम म्हणजे विश्रांतीच वाटायची. गावच्या डिटेक्टर क्लबाबरोबर गावोगावची शेतं पालथी घालून तिनं बादल्या भरभरून खिळे, काडतुसांची बुडं, घोड्यांचे नाल आणि खेळण्यातला अर्धा ट्रॅक्टर काढला होता. आणि मधूनअधून, कधीतरी, एखादं नाणं.

“बघितलंत ना मिस?” टेरी नाणं घेऊन तिच्याकडे आला. तो तिचा जुना विद्यार्थी आणि क्लबाचा खजिनदार. “सलग चौथा शनिवार. एकदाही नेम चुकलेला नाही.”

“टेरी, त्याला खिळा किती वेळा सापडला?”

“खिळा? एकदाही नाही.”

“आणि तुला?”

“मला काय, रोजच सापडतो. म्हणून तर त्यांच्याकडून काड्या विकत घेतल्या.” टेरी जरा लाजला. “चाळीस पौंडाला. रियाज लागतो म्हणतात.”

“तू आणि रियाज,” ग्लेनिस म्हणाली. “दाखव ते नाणं.”

बादशहाच्या नाकाभोवती, अक्षरांच्या खाचांत, तांबूस वाळू घट्ट बसली होती. कुरणाची माती मात्र काळी चिकण होती, बुटाला लागली की चाकूनं खरवडावी लागायची.  ग्लेनिसनं नाणं परत दिलं आणि आणखी एक सॉसेज रोल घेतला.

तिला खरी काळजी नाण्यांची नव्हतीच. नेव्हिलची बायको डोरीन आजकाल सगळं विसरायची, तेही ताज्यापासून सुरुवात करून. सकाळचा नाश्ता आठवायचा नाही, लग्नातला केक आठवायचा. दिवसातून कितीदा तरी ती आपल्या मोकळ्या बोटाकडे बघून विचारायची, “नेव्हिल, माझी अंगठी कुठंय?” ती अंगठी याच कुरणात हरवली होती, सत्त्याहत्तर साली, राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या, म्हणजे ज्युबिलीच्या, गावजेवणात. नेव्हिल दर वेळी तितक्याच शांतपणे सांगायचा, “शोधतोय गं.” मग कोठारामागे जाऊन थोडा वेळ एकटाच उभा राहायचा.

इतक्या वर्षांत ती सापडली का नाही, याला कारण होतं. ज्युबिलीला अख्ख्या गावानं तिथं डबाबंद लिंबूपाणी आणि बिअर ढोसली होती. त्या काळी डब्याची कडी ओढली की पत्र्याच्या जिभेसकट निघून हातात यायची, आणि हातात आली की लोक ती गवतात भिरकावायचे. यंत्राला अशी कडी आणि सोन्याची अंगठी यांत फरक कळत नाही. दोन्हींचा सूर एकच. क्लबात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही त्या कुरणात शिरलं की जो तो यंत्राचा खटका फिरवून कड्यांचा आवाज बंद करायचा, कारण दिवसभर वाकून कड्या कोण उपसणार? कड्या बंद, म्हणजे अंगठीही बंद. या उन्हाळ्यात खटका न फिरवता सगळं कुरण चाळायचं, असं ग्लेनिसनं ठरवलं होतं. तेवढ्यात ऑब्रे उगवला. अंगठी मी शोधून देतो, असं त्यानं नेव्हिलला वचन दिलं आणि पहिली अट घातली, की कुरणात एकही यंत्र यायचं नाही. यंत्राच्या लहरींनी म्हणे जमिनीची स्मृती पुसली जाते.

मंगळवारी ग्लेनिस डोरीनसाठी केक घेऊन कुरणातल्या पायवाटेनं निघाली. त्या उन्हाळ्यात पाऊस नावालाच झाला होता, गवत कसंबसं हिरवं होतं. वाटेपासून थोड्या अंतरावर तिला गवतात एक पिवळा ठिपका दिसला. चहाच्या कपाएवढा, अगदी गोल. पलीकडे आणखी एक. अक्रोडाच्या झाडाखाली आणखी एक. मेंढी असं गोल मुतत नाही, एवढं पियानोच्या बाईलाही कळतं.

आणि हे माप तिच्या ओळखीचं होतं. दर शरदात डॅफोडिलचे कंद लावायला ती एक नळकांडं वापरायची. ते जमिनीत दाबून फिरवलं की गवतासकट मातीचं बूच वर येतं. भोकात कंद टाकायचा आणि बूच परत बसवायचं. काम इतकं सफाईदार, की दुसऱ्या दिवशी कुणाला पत्ता लागू नये. फक्त मुळं तुटलेली असतात, आणि पाऊस नसला की त्या बुचावरचं गवत आधी सुकतं.

केक बाजूला ठेवून ती आधी नेव्हिलशी बोलली.

“तो रात्रीतून पेरतो आणि शनिवारी कापतो, नेव्हिल.”

“तू जळतेस, ग्लेनिस,” नेव्हिल म्हणाला. “तुझ्या यंत्राला इतकी वर्षं खिळे सापडले. त्याला नाणी सापडतात.”

“म्हणूनच सांगतेय. मातीत खिळे असतात. ज्याला नुसती नाणी सापडतात—”

“येत्या शनिवारी तो अंगठी काढणार आहे. डोरीनची अंगठी.” त्यानं कुंपणाकडे बोट दाखवलं. “मला दुसरं काही नको. तू तुझं यंत्र घेऊन कुंपणाच्या आत आलीस, तर आपली ओळख संपली.”

 ग्लेनिसला त्याचा राग आला होता, आणि त्याची कीवही येत होती. पण डिटेक्टरवाल्यांचा एक धर्म असतो. जमिनीच्या मालकाची परवानगी नसेल, तर सोन्याच्या राशीवरही वाकायचं नाही. ती स्वयंपाकघरात जाऊन डोरीनसमोर बसली आणि केक कापला.

“डोरीन, कुरण तुझ्याही नावावर आहे ना?”

“अर्धं माझंच,” डोरीन म्हणाली. “माझ्या बापानं दिलंय. याच्याकडे काय होतं, दोन डुकरं.”

“मला तिथं थोडं काहीतरी लावायचं होतं. नळकांड्यानं. यंत्र आणणार नाही.”

“लाव की. कुणी अडवलंय?” डोरीननं केकचा घास घेतला आणि डावा हात पुढे करून बघितला. “माझी अंगठी कुठंय गं?”

“तिच्याच मागावर आहे,” ग्लेनिस म्हणाली.

बुधवारी दुपारी ऑब्रेचं गावच्या हॉलमध्ये व्याख्यान होतं, ‘जमिनीचं अंतःकरण’ या विषयावर. अंतःकरण ऐकायला सगळं गाव लोटलं. हॉलचा पियानो ग्लेनिसच्या ताब्यात असल्यामुळे हॉलची किल्लीही तिच्याकडे होती. सकाळीच जाऊन तिनं स्वयंपाकघराच्या खणातून मूठभर चमचे आणि भिंतीला टेकवलेला भला मोठा चहाचा ट्रे उचलला होता. आता कुरणात ती आणि मेंढ्याच होत्या. ऑब्रेच्या ठिपक्यांना तिनं हात लावला नाही. मधल्या मोकळ्या गवतात मात्र तिनं आपली बुचं काढली. काहींत एकेक चमचा उभा घातला, काहींत काहीच नाही, आणि सगळी परत बसवून पायानं दाबली. कडक उन्हानं शनिवारपर्यंत तिचं उरलेलं काम केलं.

शनिवारी गर्दी दुप्पट होती. फाटकाजवळच्या धुळीत, मेंढ्यांनी गवत तुडवून संपवलेल्या जागी, ऑब्रेसाठी नेहमीची काथ्याची चटई अंथरली होती. डोरीनला पहिल्या रांगेत गादीच्या खुर्चीत बसवलं होतं. तिच्या शेजारी नेव्हिल, चर्चचा कोट घालून.

“मित्रांनो,” ऑब्रे चटईवर उभा राहून काड्या पुढे धरून म्हणाला, “जमीन विसरत नाही. आपण विसरतो. धातू तिच्या पोटात हाका मारत असतो. ज्याचं मन निर्मळ, त्यालाच ती हाक येते.” काड्या सरळ पुढे बघत होत्या. तो बराच वेळ बोलला. काड्या हलल्या नाहीत. मग तो निर्मळ मनानं कुरणात उतरला.

पहिल्याच ठिपक्याशी काड्या जुळल्या. टेरीनं खणलं. काही नाही. आणखी खोल खणलं. गांडूळ निघालं.

“लाजतंय,” ऑब्रे म्हणाला. “गर्दीत कुणीतरी संशयी आहे. धातू आत सरकला.”

“माझ्याकडे बघू नकोस,” ब्रेंडा शेजारणीला म्हणाली.

दुसऱ्या ठिपक्याशी पुन्हा काड्या आडव्या, पुन्हा गांडूळ. तिसऱ्याशी मात्र ऑब्रेचा चेहरा उजळला. “चांदी,” तो पुटपुटला. “उमरावाघरची बाई. जेवणाचं ताट लपवून पळालेली.” टेरीच्या खुरप्याला खणकन काहीतरी लागलं. त्यानं ते पँटला पुसलं, वर धरलं आणि पाठीमागची अक्षरं मोठ्यानं वाचली, “थॅक्सहॅम व्हिलेज हॉल.”

“माझा चमचा,” ब्रेंडा उभी राहिली. हॉलच्या चहाचं ती बघायची. “किती महिने बोंबलतेय मी, की चमचे जातात कुठं. आणि तुम्ही म्हणायचात, ब्रेंडा, मोजण्यात चुकतेस.”

हसणं एका टोकाला सुरू झालं आणि खुर्च्याखुर्च्यांतून पसरलं. ग्लेनिस उठून पुढे आली.

“या आठवड्याचे मूठभर चमचे माझ्या खात्यावर मांड, ब्रेंडा. आधीचे कुणी नेले ते मला ठाऊक नाही.” ती सगळ्यांकडे वळली. “खाली बघा. गवताकडे. हा पिवळा गोल दिसतो? तिकडे दुसरा. नाणं पुरायला काढलेल्या बुचाचा हा डाग आहे. काड्यांना धातू दिसत नाही, साहेबांना डाग दिसतो. या आठवड्यात मी माझे थोडे डाग वाढवले. रिकामे होते तिथंही रोमन बाई धापा टाकत आली.”

ऑब्रे कच्चा नव्हता. तो मंद हसला. “पण बाईसाहेब, चमचा धातूचाच आहे. काड्यांनी तो शोधला की नाही?”

“शोधला खरा,” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“बरोबर आहे,” ग्लेनिस म्हणाली. “टेरी, तेवढी चटई उचल.”

टेरीनं चटई उचलली, खालची धूळ बुटानं सारली, आणि हॉलचा चहाचा ट्रे उन्हात चमकला. चाळीस कप मावणारा, दोन्ही बाजूंनी कड्या असलेला.

“इतका वेळ तुम्ही याच्यावर उभे होतात,” ग्लेनिस म्हणाली. “निर्मळ मनानं. तिथं गवत नाही, म्हणून डाग नाही. म्हणून एवढ्या मोठ्या ट्रेनं हाक मारली नाही. टेरी, तुझ्या काड्या दे.” तिनं काड्या सरळ धरल्या आणि मनगटं किंचित आत झुकवली. काड्या आपोआप आडव्या पडल्या. “एवढंच. दिसणारही नाही इतकं झुकायचं. यालाही रियाज लागतो, ते मात्र खरं बोललात तुम्ही.”

आता हसणं आवरेना. ऑब्रेचा रुमाल घामानं काळपट झाला होता. तो तरातरा अक्रोडाकडे निघाला. “हसा,” तो ओरडला, “पण त्या माउलीची अंगठी तरी बघा.” झाडाखालच्या ठिपक्यात त्यानं स्वतःच खुरपं घातलं, आणि मातीतून एक अंगठी काढली. सोन्यासारखी लखलखीत.

हसणं थांबलं. नेव्हिलनं ती दोन्ही हातांत घेतली, डोरीनपाशी आला, गुडघ्यावर बसला आणि तिच्या बोटात घातली. ती सैल होती. डोरीननं ती काढली, उलटी करून आत बघितलं.

“ही माझी नाही,” ती म्हणाली.

“अगं, तुला आठवत नसेल…”

“मला नाही आठवत? माझ्या अंगठीत आतून तुझं नाव होतं. सोनारानं चुकवलेलं. नेव्हिलचं नेव्हल केलं होतं मेल्यानं. नेव्हल म्हणजे बेंबी.” तिनं गर्दीला समजावून सांगितलं. “मी याला कित्येक वर्षं बेंबी म्हणत होते. ही कुठल्या बयेची आणली?”

नेव्हिल उठला. चमच्यावर तो हसला नव्हता, ट्रेवरही नाही. आता तो ऑब्रेकडे चालत गेला आणि ती अंगठी त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात टाकली.

“नाण्यांचं सोड,” तो हळू म्हणाला. “पण ही तू माझ्या बायकोच्या बोटात घालायला निघाला होतास. तिला आठवणार नाही, या भरवशावर.” त्यानं फाटक उघडून धरलं. ऑब्रे काड्या काखेत मारून निघून गेला. टेरी आपले पैसे परत मागायला त्याच्या मोटारीमागे धावला, पण टेरी शाळेतही धावण्यात शेवटचाच यायचा.

लोक खुर्च्या मिटायला लागले. ग्लेनिस मात्र डोरीनशेजारी बसली.

“डोरीन, ज्युबिलीला तू कुठं बसली होतीस?”

“हातपंपापाशी. पोत्यांची शर्यत लागली होती ना, त्याच्या अलीकडे. पोरं डबे घेऊन यायची, त्यांना उघडता यायचे नाहीत. मी आपली बसून कड्या ओढत होते. बर्फाच्या बादलीतले डबे ते, हात नुसते गारठलेले, बोटं आकसलेली.” तिनं हवेत बोट ओढून दाखवलं. “कडी ओढायची आणि फेकायची. ओढायची आणि फेकायची.”

नेव्हिल तिच्याकडे वळला. “हे कधी सांगितलं नाहीस?”

“तू कधी विचारलंस? तू त्या काड्यांना विचारत होतास.”

 मग नेव्हिल ग्लेनिसला म्हणाला, “तुझं यंत्र आण.”

हातपंप केव्हाच गेला होता, पण त्याचा दगडी चौथरा होता. ग्लेनिसनं त्याच्याभोवती दोऱ्या बांधून पट्टे आखले. खटका फिरवला नाही. चकती गवताला घासेल इतकी खाली, पाऊल अर्धं, एका फेरीवर दुसरी फेरी चढेल अशी. यंत्र वाजलं की खणायचं, जे निघेल ते बादलीत टाकायचं, भोकावरून चकती पुन्हा एकदा फिरवायची, आणि माती परत भरायची. कडी. कडी. कडी. बाटलीचं बूच. कडी. टेरीही येऊन खुरपं धरायचा आणि दर कडीला उसासा टाकायचा.

“मिस, कंटाळा नाही येत?”

“तू एकच धून तीन वर्षं चुकवत होतास, टेरी. मला कंटाळ्याचं सांगू नकोस.”

सप्टेंबर अर्धा गेला तेव्हा बादली भरत आली होती. चौथऱ्याच्या उत्तरेला एक कडी निघाली. ग्लेनिसनं सवयीनं भोकावरून चकती फिरवली, आणि यंत्र पुन्हा त्याच सुरात वाजलं. टेरी म्हणाला, “आणखी एक.” तिनं बोटांनी काळी माती चिवडली. सोनं गंजत नाही. ते गेलं होतं तसंच वर आलं, पिवळं, बारीक, मातीनं भरलेलं. ग्लेनिसनं ते रुमालात गुंडाळलं आणि घराकडे चालू लागली. 

स्वयंपाकघराच्या मोरीत नेव्हिलनं अंगठी धुतली. मग ती उजेडाकडे धरली आणि भिंतीला पाठ टेकून उभा राहिला.

“हा चमत्कार आहे, ग्लेनिस,” तो म्हणाला.

“खबरदार,” ग्लेनिस म्हणाली. “बादलीभर कड्या उपसल्यात मी. त्या आधी बघ आणि मग चमत्कार म्हण. तुझ्या बायकोला विचारलं, तिनं सांगितलं, तिथं खणलं. एवढं तूही करू शकला असतास. यापुढे कुणी डोळे मिटून तुला काही शोधून द्यायला आला, तर आधी त्याला विचार, की बाबा रे, तुझा कचरा कुठंय? ज्याच्याकडे कचरा नाही, त्यानं शोधलेलं नाही.”

डोरीननं अंगठी बोटात घातली. ती सांध्यावर जरा अडली आणि मग खाली बसली. तिनं हात लांब धरून बघितला. त्या दिवशी ती कुणी, कशी, कुठं शोधली, हे तिला संध्याकाळपर्यंत चारदा सांगावं लागलं, आणि नेव्हिलनं चारही वेळा पहिल्यापासून सांगितलं, चमच्यासकट. अंगठी कुठंय, असं मात्र तिनं पुन्हा विचारलं नाही. दिवे लागले तेव्हा ती खुर्चीतून म्हणाली, “बेंबी, चहा टाक.”